जाळीवाल्याचा हात

"अहो, तुमच्या चपलेला नाड्या कधीपासून आल्या?"

चर्च सुटून घराकडं निघालेल्या माणसांच्या घोळक्यात बायकोनं हा प्रश्न मोठ्यानं विचारला. जाळीवाल्यानं मान खाली घातली आणि पाय उचलला.

"पळू नका. पाळकसाहेबांनी भाकर मोडली रे मोडली की तुम्ही वाकलात खाली. अख्खा बाक उठून पुढं जातो आणि आमचे हे बाकाखाली. बूट घालत होता तोवर मी म्हटलं, असेल बाबा, सुटली असेल नाडी. आता चपलेत काय बांधत होता? गाठोडं?"

"खाज आली होती पायाला."

"दर रविवारी? नेमकी प्रभुभोजनाच्या वेळी? मोठी देवभोळी खाज आहे हो तुमची!"

मागून येणारी एक म्हातारी फिसकन हसली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भिंतीवर बसलेलं कुत्रं उठलं आणि जाळीवाल्याकडं बघून भुंकायला लागलं. त्याचं ऐकून पलीकडच्या गल्लीतलं एक, मग त्याच्या पलीकडची तीन. घरापर्यंत ही वरात मागं होती.

नगरपालिकेत या माणसाच्या पदाला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण ते पगारापुरतं. सगळे त्याला जाळीवाला म्हणायचे. कुणी खऱ्या नावानं हाक मारलीच, तर मागं कोण आहे म्हणून तो स्वतःच वळून बघायचा. काम कुत्री पकडायचं. जाळी टाकायची, गाडीत घालायचं, केंद्रावर न्यायचं. तिथं डॉक्टरीणबाई ऑपरेशन करायच्या, म्हणजे पुढं पिल्लांची भर पडायला नको. कानाचं टोक कापायचं, खूण म्हणून. जखम भरली की कुत्रं परत नेऊन सोडायचं, तेही जिथून उचललं तिथंच. या धंद्यात एवढा एकच धर्म पाळायचा असतो. माणूस परक्या गावात भाड्यानं खोली घेऊन राहू शकतो. कुत्र्याला परक्या गल्लीत उभंही राहता येत नाही. तिथली कुत्री फाडून खातात.

जाळीवाला दर रविवारी रगडून अंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, बायकोनं आणलेलं अत्तरही लावायचा. काही उपयोग नाही. कापड बदलता येतं, वास कुठून बदलणार? रस्त्यातली झाडून सगळी कुत्री त्याला चर्चच्या फाटकापर्यंत भुंकत पोचवायची. आत बसलेल्यांना भुंकणं जवळ आलं की कळायचं, आले जाळीवाले. बाजा वाजवणारा तर म्हणायचा, "आपल्या मंडळीला घंटेची गरज काय? यांना फक्त वेळेवर निघायला सांगा." सगळे हसायचे. जाळीवालाही हसायचा, आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसायचा. मनात मात्र म्हणायचा, माणसांना ठाऊक नाही, पण यांना ठाऊक आहे.

काय ठाऊक आहे, ते पुढं येईलच. आधी त्या दुपारची गोष्ट.

दुपारी लेक आली, कडेवर चार महिन्यांची पोर घेऊन. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी बाप्तिस्मा ठरला. बाळाला घेऊन पाण्यापाशी तुम्ही उभं राहायचं."

त्यांच्या मंडळीत रीत अशी, की लेकराला पाण्यापाशी जो नेतो, त्यानं त्याच दिवशी सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घेतलेलं असलं पाहिजे.

"तुझ्या सासऱ्यांना सांग की."

"सासरे वर गेलेत बाबा. तिथून कसे येतील?"

"मग मामाला."

"मामाचा गुडघा गेलाय. वाकला तर पोरीसकट पाण्यात."

"बघू."

लेकीचा चेहरा उतरला. "तुमचं बघू म्हणजे नाही. लहानपणापासून ओळखते मी हे बघू." तिनं पोरीचं टोपडं उगाच सोडलं, पुन्हा बांधलं. "नको असेल तर सरळ सांगा. मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. पुढं ढकलीन. पण का ते तरी सांगा ना."

जाळीवाला उठून माठापाशी गेला. तहान नव्हती, तरी पाणी प्यायला. लेक पोरीला कडेवर घेऊन निघाली. दारापर्यंत सोडायला गेलेली बायको परत आली ती भांडी आदळतच.

आता ते, जे कुत्र्यांना ठाऊक आहे असं त्याला वाटायचं.

फार वर्षांपूर्वी, जाळी आणि ऑपरेशनं यायच्या आधी, नगरपालिकेची रीत वेगळी होती. कुत्री वाढली की पावाच्या तुकड्यांत विष कालवायचं आणि पहाटे टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायचं. जाळीवाला तेव्हा नुकता कामाला लागलेला, मिसरूड फुटलेला गडी. बाकीचे लांबून तुकडे फेकायचे. हुशार कुत्री हुंगून निघून जायची. याच्याकडं मात्र कुत्री आपणहून यायची. लहानपणापासून त्याला कुत्र्यांचं वेड, आणि कुत्र्याला ते कळतं. मुकादमानं एकदा बघितलं आणि पाठ थोपटली, "अरे, हा तर हातानं भरवतो! याला पुढं घाला." तेव्हापासून तो पुढं. शेपट्या हलवत यायची, त्याच्या तळहातावरून खायची.

एक म्हातारं कुत्रं होतं, एका डोळ्यानं आंधळं. त्यानं तुकडा तोंडात घ्यायच्या आधी त्याचा हात चाटला. आधी हात, मग पाव. त्या दिवशी टोपली तिथंच ठेवून तो घरी गेला आणि तापानं फणफणला. पण ताप उतरला तसा पुन्हा कामावर गेला, कारण घरात खाणारी तोंडं होती. रीत बदलेपर्यंत ते काम त्यानं केलं.

नंतर जाळी आली. बरोबरचे सगळे बदली मागून दुसऱ्या खात्यात गेले. हा राहिला. म्हणायचा, आता कुत्री जिवंत परत जातात, तर तेवढं तरी मी करतो. पण तेव्हापासून त्यानं एकाही कुत्र्याला हातानं घास दिला नाही. केंद्रात भांडं ठेवायचं तेही काठीनं आत सरकवायचं.

पाळकसाहेबांना त्यानं एकदा हे सांगितलं होतं, बायकोलाही नाही ते. पाळकसाहेब म्हणाले होते, "देवानं कधीच माती टाकली त्याच्यावर. तूच रोज उकरत बसतोस." बरोबर होतं. पण प्रभुभोजनाला कठड्यापाशी गुडघे टेकायचे, तळहात पुढं करायचा, आणि त्या तळहातावर भाकर ठेवली जाणार! त्याच तळहातावर. पाळकसाहेबांचे शब्द कानात राहायचे आणि हात मात्र पुढं व्हायचा नाही. मग चपलेच्या नाड्या.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष नव्हतं. जाळीवाल्याला कुत्र्यांची तोंडं पाठ होती आणि त्याची त्याला घमेंडही होती. पिंजऱ्यावर गल्लीची पट्टी लावायची असते, ती तो लावायचा पण वाचायचा नाही. पिंजरे धुवायला त्यानं दोन कुत्र्या उन्हात बांधल्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींचे पाय पांढरे, जणू एका आईच्या. पिंजरे धुऊन त्यानं त्या परत आत घातल्या, डोक्यात लेकीचा उतरलेला चेहरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सोडून आला.

दुपारी गाडी शिंप्यांच्या गल्लीतून जाताना शिवणवाली बाई गळ्यात टेप अडकवूनच रस्त्यात आडवी आली.

"थांबवा! अहो जाळीवाले, हे काय आणून सोडलंय?"

"तुमचीच कुत्री, बाई."

"माझी? माझी बॉबिन पायाशी मशीनखाली झोपते. ही तर मशीन चालू केलं की माझ्यावरच गुरगुरते. आता खाटेखाली शिरलीय आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर बसलीय. माझी कुठंय?"

जाळीवाल्यानं वाकून खाटेखाली बघितलं. त्याचं तोंड पडलं. डाव्या कानामागं पांढरा ठिपका. ही लाकडाच्या वखारीतली.

म्हणजे बॉबिन वखारीत होती. वखारीतली कुत्री म्हणजे राखणीला ठेवलेले दरोडेखोरच. आणि बॉबिनच्या पोटाला ताजे टाके.

"ढोल्या, गाडी काढ," तो ड्रायव्हरला म्हणाला. खाटेखालची कुत्री त्यानं आधी गाडीत घातली. शिवणवाली मागून ओरडत होती, "रिकाम्या हातानं परत येऊ नका. माझी कात्री बघितली नाही तुम्ही!"

वखारीच्या फाटकाजवळ ढोल्यानं गाडीतल्या कुत्रीला सोडलं. ती सरळ आत गेली आणि एका ओंडक्यावर चढून बसली, मालकिणीसारखी. बॉबिन कुठंच नव्हती. रस्त्याकडेला गटाराच्या कामासाठी आणून टाकलेला सिमेंटचा एक पाइप पडला होता, आणि वखारीची चार कुत्री त्याच्या तोंडाशी उभी राहून भुंकत होती. पाइपाचं दुसरं टोक मातीनं बुजलेलं. ढोल्यानं खराटा फिरवून कुत्री हाकलली. आत अंधारात दोन डोळे चमकले.

"जाळी आणू का दादा?"

"पाइपात जाळी पसरते का? तुझं डोकं पसरेल."

"मग काठीचा फास."

"ओढली तर टाके उसवतील."

"मग पाव दे. माझ्या डब्यात उरलाय."

"तू दे."

ढोल्या आडवा झाला, हात आत घातला, आणि गुरगुर ऐकताच असा मागं आला की त्याच्या वजनाच्या माणसाला ते शोभलं नाही. "माझ्यानं होणार नाही. तुझा आवाज तिच्या ओळखीचा आहे. रोज पिंजरे धुताना गाणी म्हणतोस ना, ती ऐकून ऐकून निम्मी कुत्री ख्रिस्ती झालीत."

जाळीवाल्यानं पावाचा तुकडा पाइपाच्या तोंडाशी ठेवला आणि मागं सरकला. ती हलली नाही. मग त्यानं तुकडा आत भिरकावला. तो तिच्या अंगावर पडला आणि ती आणखी आत दबली. फेकलेला प्रत्येक तुकडा तिला धोंडाच वाटत होता, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा?

मग तो पोटावर आडवा झाला. शर्टात माती शिरली, कोपराखाली मुंग्या होत्या. त्यानं पाव तळहातावर घेतला, आणि हात पुढं होईना. मनगटापर्यंत आत गेला आणि थांबला, जसा कठड्यापाशी थांबला असता तसा.

"दादा, अंधार पडायच्या आत," ढोल्या म्हणाला.

"ये बाई," जाळीवाला आत बघून म्हणाला. "चूक माझी आहे, तुझी नाही. तुला पकडली मी, कापायला नेली मी, परक्यांच्या दारात टाकली तीही मीच. माझ्याजवळ यायचं तुला काही कारण नाही. तरी ये." बोलता बोलता हात खांद्यापर्यंत आत गेला होता. "या हाताचा इतिहास चांगला नाही. पण आज यात पावच आहे. नुसता पाव. ये."

 

किती वेळ गेला कोण जाणे. हात बधिर झाला. मग अंधारात काहीतरी सरपटलं. पोट जमिनीला घासत, थांबत, कण्हत ती आली. पाव नाकाशी होता. तिनं आधी त्याचं मनगट हुंगलं. आणि मग पाव सोडून त्याचा हात चाटला.

हात मागं घ्यावा असं त्याला इतकं वाटलं की खांदा दुखला.

"हलू नको," ढोल्या कुजबुजला.

तो हलला नाही. तिनं पाव खाल्ला, तळहात चाटून पुसून साफ केला, आणि हनुवटी त्याच्या बोटांवर टाकून पडून राहिली. टाके शाबूत होते. त्यानं तिला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर काढलं.

गाडीत ती मांडीवर असताना त्याचं लक्ष अंगठ्याकडं गेलं. खपली होती. ही कुत्री पकडली त्या दिवशी हिनंच तोडला होता अंगठा. सुया घ्याव्या लागल्या होत्या, बायकोनं बोलून बोलून कान किटवले होते.

"ढोल्या, मला आठवलंच नाही रे."

"काय?"

"ही मला चावली होती. तिथं पडलो होतो तेवढ्या वेळात एकदाही आठवलं नाही. नुसतं वाटत होतं, ये गं, ये. दुसरं डोक्यात काहीच नव्हतं."

"आणि ती आली कारण तिला भूक लागली होती. भुकेलं कुत्रं कुणाच्याही हातचं खातं. त्यात एवढं डोळ्यांत पाणी आणण्यासारखं काय आहे?"

"मुंगी गेलीय डोळ्यात," जाळीवाला म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आणि भुकेनं आली तर काय बिघडलं? भुकेनंच यायचं असतं."

शिंप्यांच्या गल्लीत बॉबिन मशीनखाली जाऊन पडली. शिवणवालीनं जाळीवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या, मग त्याच्या फाटलेल्या बाहीकडं बघून म्हणाली, "काढा तो शर्ट, टाका घालून देते."

घरी गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि बायकोला सगळं सांगितलं. टोपली, मुकादम, ते एका डोळ्याचं कुत्रं. ती कणीक मळत होती. मळता मळता थांबली.

"एवढी वर्षं हे पोटात ठेवलंत?"

"तुला कळलं असतं तर माझ्या हातचं पाणी तरी प्याली असतीस का?"

"मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर पेज कुणी भरवली? तुमच्या मावशीनं? याच हातानं खाल्ली ना मी? मेले का?"

जाळीवाल्याला हसू आलं आणि त्या हसण्यातच त्याचा आवाज फुटला. बायकोनं त्याला रडू दिलं. पिठाचे हात होते, म्हणून कोपरानंच त्याच्या खांद्याला ढोसलं.

"ती कुत्री गेली ती गेली," तो डोळे पुसत म्हणाला. "ते काही मिटत नाही. माझ्याबरोबरच येईल ते. पण मी आज त्या पाइपापाशी पडलो होतो ना, तर मला ती यायला हवी होती, एवढंच. मी, नगरपालिकेचा जाळीवाला, एका कुत्रीचं चावणं विसरू शकतो, तर वरचा काय माझ्याहून कोत्या मनाचा आहे?"

"हेच पाळकसाहेब इतकी वर्षं उपदेशात सांगताहेत."

"ते उभं राहून सांगतात. मी आज आडवा पडून बघितलं."

"मग लेकीला निरोप धाडा," बायको म्हणाली आणि कणकेला जोरात बुक्की घातली. "आणि शर्ट तो नको. मुंग्या असतील त्यात."

रविवारी सकाळी कुत्री भुंकलीच. त्यांच्या बाजूनं काही बदललं नव्हतं. बाक उठून पुढं निघाला तसा जाळीवालाही उठला. बाजा वाजवणाऱ्याची बोटं दोन सूर चुकली. कठड्यापाशी गुडघे टेकून त्यानं डाव्या हाताखाली उजवा हात धरला, मग आठवून उलटा केला. उजवा वर. पाळकसाहेब त्याच्यासमोर आले, क्षणभर थांबले, आणि इतरांना म्हटले तेच शब्द म्हणून भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवला. आकाश उघडलं नाही. तुकडा बारका होता आणि त्याला चव अशी काही नव्हती. त्यानं तो खाल्ला. शेजारी बायको गुडघ्यावर होती आणि तिचं नाक वाजत होतं.

मग लेकीनं पोर त्याच्या हातात दिली. पोरीचं टोपडं नीट केलं आणि त्याच्या कोपराला धरून राहिली. पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं तशी तिनं असा टाहो फोडला की बाहेरच्या कुत्र्यांनी साथ धरली. सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबांना पुढची प्रार्थना ओरडून म्हणावी लागली. तोवर आजोबांचा इस्त्रीचा शर्ट पोटापासून खाली ओला झाला होता, आणि तो चर्चच्या पाण्यानं नव्हे.

बाहेर आले तर फाटकाशी गाडी उभी. ढोल्या खिडकीतून अर्धा बाहेर. "दादा, बस स्टँडवर एका कुत्र्यानं बिस्किटांच्या प्लास्टिकच्या बरणीत डोकं घातलंय. निघत नाही. आंधळ्यासारखं धडका देत फिरतंय, एक बाई पाडली त्यानं."

"आज रविवार आहे हो," बायको म्हणाली. "पोरीकडं जेवायला जायचंय."

"कुत्र्याला कुठं कळतो रविवार?" जाळीवाल्यानं नात लेकीकडं दिली. "ताट वाढून ठेव. आलोच."

तो गाडीत चढला. सीटखालून कातर काढून तिची धार अंगठ्यानं बघितली. "ही बोथट आहे. वाटेत शिवणवालीकडं थांब, तिची मागू."

"ती देईल?"

"दोन शिव्या देईल, मग देईल."

बस स्टँडवर माणसं बाकांवर चढून उभी होती. बरणी घातलेलं काळं कुत्रं खांबाला आपटलं, वळलं, आणि तिकीट खिडकीकडं निघालं. जाळीवाल्यानं बाह्या वर सारल्या.

"तू मागून ये, पाय न वाजवता," तो ढोल्याला म्हणाला. "मी समोरून जातो." आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत तो कुत्र्याच्या दिशेनं चालू लागला.